निरोप

आमच्या घरात सात महिने
मी तार होते.
"तुझ्या बापाला सांग, सिलिंडर संपत आलाय."
"तुझ्या आईला सांग, मला दिसतंय."
दोघं एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर,
मधे मी, चौदा वर्षांची.
कानाने आत घ्यायचं, तोंडाने बाहेर काढायचं,
वाटेत शब्दांची टोकं घासून
जरा बोथट करायची.
आई म्हणते, बाबा म्हणतात;
मी काय म्हणते हे कुणी विचारलं नव्हतं,
मीसुद्धा.

भीती एकच होती:
निरोप नेता-आणता एक दिवस
हे दोघं एकमेकांचा निरोपच घेतील,
आणि तोही
मलाच पोचवावा लागेल.

फ्राय बेंतोसच्या नदीवर त्या वर्षी थंडी लवकर आली.
घरात भोपळे तीन झाले.
पूर्वी एकच होता,
वाळवलेला, आत हिरवा कडू पाला,
बाबा गरम पाणी ओतायचे, सगळ्यांना मिळून एक नळी,
भोपळा हातातून हातात फिरायचा.
सहा वर्षांचा वाल्दिरसुद्धा
तोंड वाकडं करून ओढायचा.
नको झालं की म्हणायचं, ग्रासियास.
एरवी तो धन्यवाद,
पण भोपळा परत देताना म्हटला
की त्याचा अर्थ, पुरे.

एका रविवारी
पहिल्याच घोटाला आई म्हणाली, ग्रासियास.
एवढंच झालं.
त्याआधी बाबांनी होडी विकली होती,
पण होडीबद्दल कुणी काही बोललंच नाही.
थर्मॉस वेगळे झाले.

वाल्दिर रात्री गादी ओली करू लागला
म्हणून डॉक्टरांनी धाडलं,
त्याला एकट्याला नव्हे, सगळ्यांना.
पॉलिक्लिनिक, गुरुवार, चार वाजता.
एलिदा सोरोंदो. चष्मा बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवलेला.
तिने वाल्दिरला विचारलं,
"घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं?"
त्याने माझ्याकडे बोट केलं.
"आणि स्वतःचं कोण बोलतं?"
तो खुर्चीखाली बघू लागला,
जणू कुणीतरी तिथे लपलंय.

तिने उठून माझी खुर्ची खिडकीशी नेली.
"तू आज सुट्टीवर."
"बिनपगारी?" मी विचारलं.
बाबा हसले.
मग आपण हसतोय हे लक्षात आलं, आणि थांबले.

तीन गुरुवार काही घडलं नाही,
असं मला वाटलं.
बाबा बाईंशी बोलायचे, आई कॅलेंडरशी.
"मला नको," बाई म्हणायच्या, "तिला सांगा."
खिडकीत बसून मी जीभ दातांत धरायची.
दुखायची.

चौथ्या गुरुवारी बाबा म्हणाले,
"निबिया."
सात महिन्यांनी, नाव.
"होडीचं मी सांगणार होतो."
"कधी?"
"विकायच्या आधी."
"मग?"
"तू नाही म्हणाली असतीस."
आईने पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.
"हो. म्हटलं असतं.
मग विकलीही असती.
पण आपण विकली असती, विल्मार."

घर काही लगेच गोड झालं नाही.
दारं अजून आपटतात.
वाल्दिरची गादी आठवड्यातून दोनदा उन्हात असते,
आधी रोज असायची.
मला रिकामं रिकामं वाटतं,
नोकरी गेलेल्या माणसासारखं,
आणि परवा मी पहिल्यांदा कुणाच्याच वतीने नाही,
स्वतःच्याच रागाने ओरडले.
सगळे दचकले. मी जास्त.

काल रविवार.
बाबांनी जुना भोपळा काढला,
उगाच कितीतरी वेळ पाला हलवत बसले,
मग आईपुढे धरला.
तिने घोट घेतला.
मी श्वास रोखून
त्या एका शब्दाची वाट पाहिली.

"पाणी गार आहे," ती म्हणाली.

सवयीने माझं तोंड उघडलं:
बाबा, आई म्हणते

बाबा उठले होते.
किटली चुलीवर होती.